निळा प्रकाश, डोळे आणि मुलांची झोप

बेळगावजवळील हलगा या गावाने एक आगळा निर्णय घेतला. सायंकाळी सातला भोंगा वाजताच नऊपर्यंत घरातील टीव्ही व मोबाईल बंद ठेवावयाचे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्येच असा पायंडा पाडला होता. हेतू मुलांच्या अभ्यासाचा. मला मात्र त्यात झोपेचेही औषध दिसते.

आपल्या दृष्टिपटलातील काही पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचे द्रव्य असते. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाने या पेशी सर्वाधिक उद्दीपित होतात आणि ‘अजून दिवस आहे’ असा निरोप मेंदूतील जैविक घड्याळाला देतात. परिणामी मेलॅटोनिनचा स्राव लांबतो व झोपही लांबते. मुलांचे नेत्रभिंग अधिक पारदर्शक असल्याने त्यांच्यावर हा परिणाम अधिक होतो.

मध्यंतरी दहा वर्षांच्या मुलाला घेऊन पालक आले. सकाळी डोके दुखणे, शाळेत पेंगणे, डोळे चुरचुरणे अशा तक्रारी होत्या. त्यांना ‘निळा चष्मा’ हवा होता. मुलगा रात्री साडेअकरापर्यंत अंथरुणात मोबाईल पाहत असे. चष्म्याऐवजी मोबाईल रात्री स्वयंपाकघरात ठेवावयास सांगितला. तीन आठवड्यांत डोकेदुखी थांबली.

पडद्याच्या प्रकाशाने दृष्टिपटल निकामी होते, यास पुरावा नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यत्वे पापण्यांची उघडझाप मंदावल्याने. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण बहुधा कमी होत नाही, असा निष्कर्ष २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात निघाला.

पालकांनी एवढे पाळावे :

१. झोपण्यापूर्वी किमान एक तास पडदा बंद.
२. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहणे.
३. रोज दोन तास उघड्यावर खेळणे. त्याने लघुदृष्टीचा धोका घटतो.
४. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप.
५. दोन वर्षांखालील बाळांना मोबाईल नकोच.

शेवटी एक कबुली. रडणारे मूल तपासताना आईने मोबाईल पुढे धरला, तर मीही अनेकदा गप्प राहिलो आहे. आता टेबलावर खुळखुळा ठेवला आहे. माझ्या व्यवसायबंधूंनीही तो ठेवावा, ही विनंती.