इंजिनाने तपासलेली लाइन

बुद्धिबळाच्या इंजिनाने ओपनिंगच्या लाइनला दिलेला आकडा हा त्याने शोधलेल्या खोलीपुरता कौल असतो. तो अंतिम मानला तर काय होते, याचा सर्वांत महागडा दाखला २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील ब्रिसागो येथे, विश्वविजेतेपदाच्या लढतीत मिळाला. व्लादिमीर क्रॅमनिक आणि पीटर लेको यांच्या आठव्या डावात मार्शल ॲटॅक ही ओपनिंग पटावर आली. पांढऱ्याच्या बाजूने क्रॅमनिकची तयारी धाडसी होती: चोविसाव्या चालीला वजीर देऊन हत्ती घ्यायचा, मग बी-पट्टीतल्या प्याद्याने ए६ वरचे प्यादे मारून ते वजीर होईपर्यंत रेटायचे. संगणकाचा कौल पांढऱ्याकडे होता. वेळ अपुरा असल्याने तपास फार पुढे गेला नाही.

लेकोने पटावरच विचार करून पंचविसाव्या चालीला वजीर डी३ वर नेला. आता ए-प्यादे धावत सुटले तरी काळ्याचा वजीर आणि घोडा पांढऱ्या राजाला आधी गाठतात. क्रॅमनिकने राजा एफ२ वर आणला, तर उंटाने एफ३ वरचे प्यादे टिपले. बत्तिसाव्या चालीनंतर क्रॅमनिकने डाव सोडला. शेवटचा डाव जिंकून त्याने ७-७ अशा बरोबरीवर किताब राखला, ही गोष्ट वेगळी.

वजीर होऊ घातलेले प्यादे दिसले की उथळ शोधाचा आकडा फुगतो. राजावरची मात त्यापुढे काही चालींवर असेल, तर ती शोधाच्या कक्षेबाहेर राहते. म्हणून मोहऱ्यांचा बळी असलेल्या स्थितीत इंजिन बराच वेळ चालू ठेवावे. शिवाय लाइनच्या शेवटापर्यंत हाताने चाली करत जावे, तिथे इंजिनाला विचार करू द्यावा आणि मग एकेक चाल मागे यावे. सुरुवातीला न दिसलेली चाल अशा वेळी बरेचदा वर येते. एकाऐवजी तीन-चार पर्याय दाखवायची सोय वापरून प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक जबरदस्तीची चाल, म्हणजे शह, मार आणि धमकी, स्वतंत्रपणे तपासावी.

आजची इंजिने डी३ ची चाल चटकन दाखवतात. धोका आता दुसरीकडे आहे. ‘०.००’ या आकड्यामागे कधी सरळ बरोबरी असते, तर कधी सलग पाच-सहा एकमेव चाली सापडल्या तरच टिकणारी बरोबरी. दुसरी जात घड्याळ चालू असताना माणसाला झेपत नाही. अशी लाइन स्वतःसाठी टाळावी, प्रतिस्पर्ध्यासाठी मात्र जरूर राखून ठेवावी. तयारीच्या फाइलमध्ये आकड्याशेजारी कारणही लिहावे: कोणते घर कमकुवत, कोणते मोहरे बदलायचे. पाठांतर संपते तिथून पुढे तेवढेच हाताशी असते.