ओला हात, कूलर आणि ओहमचा भागाकार

उन्हाळा लागला की लष्करात घरोघरी कूलर धुऊनपुसून खिडकीला लागतात. वाळ्याच्या ताट्या बदलतात, टाकीत पाणी पडते आणि पत्र्याच्या डब्याला हात लावला तर कोठे कोठे झिणझिण्या येतात. "थोडा करंट येतो, चालायचेच," असे म्हणून मंडळी पायात चप्पल घालून पाणी भरतात. हा थोडा करंट म्हणजे नेमका किती, हे शाळेतल्या एका भागाकाराने काढता येते. तोच भागाकार शेतावरच्या मोटारीच्या वायरलाही उपयोगी पडतो, म्हणून या वेळी तो शिकून घेऊ.

ओहम या जर्मन गणितशिक्षकाने १८२७ साली हा नियम छापून प्रसिद्ध केला. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये आणि वाटेतला अडथळा, म्हणजे रोध, ओहममध्ये. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती वॅटमध्ये मिळते. नियम एवढाच.

पाणी तापवायचा रॉड घ्या. घरात दाब २३० व्होल्ट आहे आणि वायरमनच्या क्लॅम्प मीटरवर ४.३५ अँपिअर दिसले. (मीटरचा चिमटा एकाच तारेभोवती लावावा. दोन्ही तारा एकत्र धरल्या तर शून्य दिसते.) २३० भागिले ४.३५ म्हणजे सुमारे ५३ ओहम. गुणाकार केला तर १००० वॅट. असा रॉड एक तास चालला की एक युनिट पडले. संध्याकाळी दाब १९० वर उतरला, तर रोध तोच राहतो; प्रवाह मात्र ३.६ अँपिअर होतो आणि शक्ती ६८० वॅटच्या आसपास येते. दाब सहाव्या हिश्शापेक्षा थोडा जास्त उतरला, पण उष्णता जवळजवळ एक तृतीयांश गेली. पाणी तापायला वेळ का लागतो, याचा उलगडा येथे होतो.

मोटारीला मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. दाब पडला की रॉड कमी प्रवाह घेतो. भाराखालची मोटार उलट जास्त घेते आणि तापते. डबरा-भितरवारकडे गव्हाला पाणी देताना विजेचा खांब एकीकडे आणि बोअर दुसरीकडे, असे पुष्कळ ठिकाणी असते. खांबापासून मोटार १०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार २०० मीटर झाली. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एवढ्या तारेचा रोध सुमारे २.३ ओहम भरतो. मोटार १० अँपिअर घेत असेल तर २३ व्होल्ट तारेतच संपले! खांबावर आधीच २०० असतील तर मोटारीला १७७ मिळणार. चार चौरस मिलिमीटरची तार टाकली तर तूट नऊ व्होल्टच्या आत राहते. बारीक तार स्वस्त पडते, हे आम्हांला मान्य आहे. पण मोटार एकदा जळाली की वाइंडिंगच्या खर्चापुढे ती बचत फार दिवस टिकत नाही.

आता कूलरकडे वळू. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो, म्हणून कोरड्या हाताला नुसता चटका बसतो. हात ओला, पाय ओल्या फरशीवर, अशा वेळी सगळ्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. तीस मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह छातीतून काही क्षण वाहिला तरी हृदयाची लय बिघडू शकते. त्याच्याही आत स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. कालचा "थोडा करंट" आणि आजचा मृत्यू यांत फरक असतो तो फक्त ओलाव्याचा.

फ्यूज उडेल की, असे कोणी म्हणेल. तो १६ अँपिअरचा असतो. पाव अँपिअरची त्याला दादही नसते. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नव्हे.

जुन्या वाड्यांत आणखी एक अडचण असते. तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा प्लग बसवलेला असतो, किंवा अर्थिंग असले तरी त्याचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. अशा खड्ड्याचा रोध ५० ओहम धरला तर २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. फ्यूज उडत नाही आणि कूलरचा डबा तसाच जिवंत राहतो. नेमके जेव्हा अर्थिंग हवे, त्याच महिन्यांत जमीन वाळलेली असते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे, पण तेवढ्यावर विसंबू नये.

खरा उपाय म्हणजे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. फरक पडला की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत वीज तोडते. अर्थिंग चांगले असेल तर माणसाने डब्याला हात लावण्यापूर्वीच ती पडते. ती बसवून होईपर्यंत पाणी भरताना नुसते बटण बंद न करता प्लगच काढावा. चप्पल भिजलेली असेल तर तिचा काही उपयोग नाही.

कोणी चिकटलेच तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन स्विच बंद करावा. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला दूर लोटावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

आरसीसीबीवर चाचणीचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबताच वीज गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.