वैमानिक आणि व्यवस्थापन : सेवाज्येष्ठतेचा प्रश्न

वैमानिकांनी संप पुकारल्याचे वृत्त आले की सामान्य वाचकास तो केवळ पगारवाढीचा झगडा वाटतो. भरपूर वेतन मिळविणाऱ्या या वर्गाने प्रवाशांची अडवणूक का करावी, असा प्रश्न त्याला पडतो. परंतु अशा कलहांच्या मुळाशी वेतनाबरोबरच आणखी एक गोष्ट पुष्कळदा असते. ती म्हणजे सेवाज्येष्ठता. एअर इंडियाच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते.

सहवैमानिकाने कमांडर केव्हा व्हावे आणि अधिक वेतनाच्या मोठ्या विमानावर त्याची नेमणूक केव्हा व्हावी, हे बहुतांशी ज्येष्ठतेच्या यादीतील त्याच्या क्रमांकावर ठरते. हा क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. तेथे बहुधा यादीच्या तळापासून आरंभ करावा लागतो. म्हणून यादीत आपल्या वर कोणी नवा आला, तर वैमानिकाला ती आपल्या भविष्याचीच हानी वाटते.

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे व परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे आली. दोन्हींच्या वेतनपद्धती आणि बढतीच्या रीती वेगळ्या होत्या, आणि वैमानिकांच्या संघटनाही दोन होत्या. २००७ मध्ये या कंपन्यांचे विलीनीकरण झाले. नाव एक झाले, हिशेब एक झाले. परंतु वेतनश्रेणी व ज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्याच राहिल्या.

त्याचे परिणाम लवकरच दिसले. २७ एप्रिल २०११ रोजी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्समधील वैमानिकांनी समान वेतनाच्या मागणीसाठी संप केला. न्यायालयाने कामावर परतण्याचा आदेश दिला, व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढून घेतली. तरीही दहा दिवस संप चालला. पुढे हे प्रश्न सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीकडे सोपविण्यात आले. समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात दुसरा गट पेटून उठला. एअर इंडियाने विलीनीकरणापूर्वी मागविलेल्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देण्याचे ठरले होते. त्यामुळे आपली बढती लांबेल, असे मूळच्या एअर इंडियातील वैमानिकांचे म्हणणे होते. व्यवस्थापनाच्या मते कंपनी एक झाल्यावर संधीही सर्वांना मिळणे न्याय्य होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते, आणि म्हणूनच तडजोड अवघड झाली. हा संप ५८ दिवस चालला. शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले, आणि अनेक परदेशी उड्डाणे रद्द करावी लागली.

या संपाचे स्वरूपही लक्षात घेण्याजोगे आहे. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार विमान वाहतूक ही सार्वजनिक उपयोगितेची सेवा असून तेथे पूर्वसूचनेविना संप करता येत नसे. वैमानिकांनी म्हणून संपाचे नाव न घेता आजारपण कळविले. प्रकृती बरी नसताना वैमानिकाने विमान चालवू नये, हा सुरक्षिततेचा मूलभूत नियम आहे. तोच नियम लढ्याचे हत्यार झाला, की खऱ्या आजारपणाकडेही व्यवस्थापन संशयाने पाहू लागते. ही हानी तिकिटांच्या हिशेबात दिसत नाही; तरी ती सर्वांत घातक म्हटली पाहिजे.

अमेरिकेत २००७ मध्येच असा कायदा झाला, की विमान कंपन्या एकत्र येताना ज्येष्ठतेच्या याद्यांची जुळणी न्याय्य रीतीने व्हावी आणि मतभेद उरल्यास ते लवादापुढे जावेत. कायद्याने कटुता नाहीशी होत नाही. परंतु तिला वाट मिळते. आपल्याकडे ही वाट संपानंतर शोधली गेली.

२०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. पुढील वर्षी नव्या वेतन-अटींना या दोन्ही जुन्या प्रतिस्पर्धी संघटनांनी मिळून विरोध केला. वैमानिकाच्या हाती शेकडो प्रवाशांचे प्राण असतात. त्याचा क्रमांक कोणत्या नियमाने ठरला, हे त्याला आधी समजले पाहिजे आणि ते न्याय्य वाटले पाहिजे. विलीनीकरणाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.