कोंबडीच्या पिसांचे रंग व त्यांची नावे

केळापूर तालुक्यातील कोणत्याही गावी सकाळी उकिरड्यावर दाणे टिपणाऱ्या कोंबड्या पाहाव्यात. एक तांबूस, एक काळीभोर, एक कबरी, एक राखी. एकीसारखी दुसरी नाही. तथापि ही कोणती जात असे विचारले असता सर्वांना मिळून एकच उत्तर येते: 'गावठी'. घरातील वृद्ध स्त्री मात्र प्रत्येक कोंबडी रंगावरून ओळखते आणि कोणते पिल्लू कोणत्या कोंबडीचे हेही सांगते. हे ज्ञान तिच्यापाशीच राहते, कारण त्याला ठरलेले शब्द नाहीत आणि त्याची वहीही नाही.

केळापूरच्या दक्षिणेस तेलुगू मुलूख लागतो. तेथे, तसेच छत्तीसगड व ओडिशा या राज्यांत, असील ही झुंजार जात पूर्वापार पाळली जाते. तिच्या रंगांना पाळणाऱ्यांनीच नावे दिली आहेत. सोनेरी तांबडा तो पीला, काळा-तांबडा तो याकूब, पांढरा तो नूरी, काळा-पांढरा रुपेरी तो चित्ता, तपकिरी तो टीकर. नावे झाली म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. कागर आणि जावा या दोन्ही नावांपुढे छापील वर्णनांत केवळ 'काळा' एवढेच आढळते. जाणत्या पाळणाऱ्याला त्यांत काही भेद दिसत असलाच पाहिजे. परंतु तो भेद शब्दांत न उतरल्यामुळे दूरच्या वाचकाला दोन नावे मिळतात आणि पक्षी एकच.

ही अडचण ओळखूनच इंग्लंडमध्ये 1865 साली व अमेरिकेत 1874 साली कोंबड्यांच्या जातींची प्रमाण वर्णने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्या देशात जातींच्या नोंदणीचे काम कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही 1984 साली स्थापन झालेली संस्था पाहते. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात व लगतच्या गुजरातेत आढळणाऱ्या बुसरा जातीचे वर्णन अवयववार आहे: अंग पांढरे, मान, पाठ व शेपटी यांवर काळी पिसे, खांदे व पंख यांवर तांबूस तपकिरी. 'कबरी' या एका शब्दाने यातील काहीच कळले नसते.

रंग म्हणजे जात नव्हे, हेही मुलांच्या मनावर ठसले पाहिजे. मध्य प्रदेशातील झाबुआ व धार भागांतील कडकनाथ या जातीत काळा, रेघांचा व सोनेरी असे तीन प्रकार आहेत. सोनेरी पिसांच्या कडकनाथाचेही मांस व कातडी काळीच असते. याउलट काळ्या पिसांची कोंबडी कडकनाथ असेलच असे नाही. नुसत्या पिसांवर भुलून चढे दाम मोजणाऱ्याची फसगत होते ती येथेच.

पाठ घेताना शिक्षकांनी फळ्यावर आधी नावे लिहून देऊ नयेत. मुलांनी आपापल्या घरी बोलले जाणारे शब्द आणावेत. ते मराठी, गोंडी, कोलामी वा तेलुगू असोत. नंतर एकच कोंबडी दिवसाच्या उजेडात दोन गटांनी वेगवेगळी पाहावी व मान, छाती, पाठ, पंख आणि शेपटी यांचे रंग लिहावेत. दोन्ही वह्या जुळल्या, तर शब्द पक्का धरावा. जुळल्या नाहीत, तर वाद मिटवण्याची घाई करू नये. पाठाचा खरा भाग तोच. एका गटाचा 'करडा' दुसऱ्याचा 'राखी' असतो, म्हणून नमुन्यादाखल गळून पडलेले पीस कागदावर चिकटवून त्याखाली नाव लिहावे. हाताळलेल्या पिसांनंतर हात साबणाने धुणे अवश्य.

वरच्या वर्गाला अँडलुशियन जातीचे उदाहरण सांगावे. तिचा 'निळा' म्हणजे खरे पाहता पाटीसारखा करडा. निळ्या नर-मादीच्या पिल्लांत सरासरीने चारांत एक काळे, दोन निळी आणि एक डाग असलेले पांढरट निघते. म्हणजे नाव ठरवले तरी रंग ठरत नाही. दोन नाणी एकदम पुष्कळ वेळा उडवून छाप-काट्याची नोंद केल्यास हेच प्रमाण मुलांना स्वतः काढता येते.

पिल्लांची नोंद अंगावरील लवीवरून करू नये. पहिली पिसे झडून नवी आल्यावर रंग पालटतो. नर व मादी यांची पाने वेगळी ठेवावीत, आणि पुढील वर्षी तीच वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी.