खाणभूमीवरील वनस्पतींची पाहणी : पद्धत व उपयोग

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे व धारबांदोडा या तालुक्यांत लोहखनिजाच्या उत्खननामुळे पुष्कळ जमिनीचे मूळ स्वरूप पालटून गेले आहे. एक टन खनिज मिळविण्यासाठी साधारणपणे अडीच ते तीन टन माती व दगड बाजूला काढावे लागतात. हा माल ज्या ढिगाऱ्यांत रचला जातो त्यांस लोक ‘डंप’ म्हणतात. पावसाळ्यात या ढिगाऱ्यांवरील माती वाहून खालच्या भातशेतीत, कुळागरांत व ओहोळांत जाते. ती जागच्या जागी धरून ठेवण्याचा टिकाऊ उपाय म्हणजे वनस्पतींचे आच्छादन होय.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये असा आदेश दिला की, खाणपट्टेधारकांनी उत्खननाने बिघडलेल्या जमिनीवर पुन्हा गवत वाढवावे व ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य करावी. जमीन तशी झाली की नाही, हे ठरवावयाचे कसे? दुरून डोंगर हिरवा दिसला एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी वनस्पती-समुदायाची पद्धतशीर पाहणी करावी लागते. ती कशी करावी, हे येथे थोडक्यात सांगितले आहे.

खाणभूमीचे वेगळेपण

ढिगाऱ्यावरील माल ही खरी माती नव्हे. तिच्यात कुजलेला पालापाचोळा नसतो, नत्र अत्यल्प असते आणि स्फुरद लोहाशी बांधले गेल्यामुळे वनस्पतींना सहजी मिळत नाही. उन्हाळ्यात हा उघडा माल तापतो, तर पावसाळ्यात त्याचा उतार घसरतो. अशा ठिकाणी प्रथम काटक गवते, टाकळा, रानमोडी व घाणेरी यांसारख्या वनस्पती येतात. त्यांच्या आश्रयाने पुढे धायटी, दिंडा अशी झुडपे आणि कालांतराने किंदळ, ऐन, कुंभा, जांभूळ यांची रोपे मूळ धरू शकतात. हा क्रम कोठवर आला आहे, हे पाहणे हाच पाहणीचा गाभा होय.

पाहणीची पद्धत

(१) जागेची विभागणी : ढिगाऱ्याचा माथा, उतार व पायथा यांची पाहणी स्वतंत्र करावी. ढिगारा केव्हा रचला गेला ते वर्षही गावातील जाणत्यांना विचारून नोंदवावे.

(२) चौकटी आखणे : वृक्षांसाठी १० मीटर लांब व १० मीटर रुंद, झुडपांसाठी ५ बाय ५ मीटर आणि गवत व लहान वनस्पतींसाठी १ बाय १ मीटर अशा चौकटी दोरी व खुंट्यांनी आखाव्यात. चौकटीची जागा चिठ्ठी टाकून ठरवावी; दाट झाडी पाहून निवडू नये.

(३) मोजणी : चौकटीतील प्रत्येक जातीचे नाव व तिची संख्या लिहावी. वृक्षांच्या खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजावा. बियांपासून आपोआप उगवलेली रोपे व लावलेली रोपे वेगळी नोंदवावीत.

(४) तुलना : हीच मोजणी जवळच्या, उत्खनन न झालेल्या रानात अथवा देवराईत करावी. तुलनेवाचून आकड्यांना अर्थ नाही.

(५) काळ : लहान वनस्पतींसाठी ऑगस्ट-सप्टेंबर व वृक्षांसाठी हिवाळा योग्य. पाहणी त्याच चौकटींत दरवर्षी करावी.

गणिताचे उदाहरण

समजा, १० चौकटींपैकी ८ चौकटींत रानमोडी आढळली व तिची एकूण संख्या ४० भरली. तर तिची वारंवारता ८० टक्के, घनता दर चौकटीस ४ आणि विपुलता (४० भागिले ८) ५ होय. दुसऱ्या एका जातीची ४० रोपे केवळ २ चौकटींत आढळली, तर घनता तीच राहते. पण वारंवारता २० टक्के व विपुलता २० होते. म्हणजे ही जात ठरावीक जागीच गर्दी करून आहे. केवळ एकूण संख्या पाहिल्यास हा भेद लक्षात येत नाही. वृक्षांच्या बाबतीत घेरावरून खोडाचे क्षेत्रफळ काढून तेही हिशेबात घेतात. ६० सेंटिमीटर घेराच्या खोडाचे क्षेत्रफळ सुमारे २८६ चौरस सेंटिमीटर भरते.

हिरवेपणाची खरी परीक्षा

गोव्यातील पुष्कळ ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झालेली आहे. हे झाड निकृष्ट जमिनीत लवकर वाढते व हवेतील नत्र जमिनीत आणते, हे त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. परंतु त्याचा पाला सावकाश कुजतो व जाड थर साचतो. त्याखाली स्थानिक वृक्षांची रोपे उगवत आहेत काय, हे पाहिले पाहिजे. वर दाट छाया आणि खाली एकही किंदळ वा जांभूळ नाही, अशी स्थिती असेल तर तेथे लागवड झाली आहे, रान परतलेले नाही. गुरांस चरण्याजोगे गवत मिळते काय, याचीही नोंद अवश्य करावी.

सावधगिरी व उपयोग

पाहणीस जाण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घ्यावी. पाण्याने भरलेल्या खाणखड्ड्यांच्या काठाशी व भर पावसात उतारावर जाऊ नये. विद्यार्थ्यांना शिक्षकांवाचून पाठवू नये. वनस्पतींची स्थानिक नावे सांगण्यास गावातील वृद्धांचे साहाय्य घ्यावे आणि शंका असल्यास नमुना वाळवून महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांस दाखवावा.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी ही माहिती आपल्या लोकजैवविविधता नोंदवहीत घ्यावी. सलग पाच वर्षांच्या अशा नोंदी ज्या गावाजवळ असतील, त्या गावाला आपल्या जमिनीचे पुनरुज्जीवन झाले किंवा झाले नाही हे पुराव्यानिशी सांगता येईल, आणि अधिकाऱ्यांनाही कोणत्या उतारावर काय लावावे याचा निर्णय अधिक डोळसपणे घेता येईल.