रुग्णालयातील मूल आणि शाळेचे प्रकट वाचन

एखादे मूल सलग आठ दिवस शाळेत दिसले नाही, की आपण चौकशी करतो. वर्गातील मुले एका सुरात सांगतात, "गुरुजी, तो दवाखान्यात आहे." आपण हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करतो आणि पुढील नाव घेतो. त्या मुलाचा व शाळेचा संबंध आपल्या बाजूने तेवढ्यापुरता तेथे संपतो. मुलाच्या बाजूने मात्र तो संपलेला नसतो. किंबहुना अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला शाळा पूर्वीपेक्षा अधिक आठवत असते. प्रस्तुत लेखात या मुलाचा विचार करावयाचा आहे, आणि शाळेतील वाचनाचा उपक्रम त्याच्या खाटेपर्यंत कसा नेता येईल हे पाहावयाचे आहे.

आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा. अकोल्याच्या डोंगरातील मूल असो वा जामखेडच्या माळरानावरील, मोठे दुखणे आले की त्याला घर सोडून दूर जावे लागते. कोणी नगरच्या जिल्हा रुग्णालयात जाते, कोणी लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात, तर कोणी थेट पुण्या-मुंबईस. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात. त्या तपासणीत एखाद्या मुलाच्या हृदयाचा दोष आढळला, तर त्यास शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरी पाठविले जाते. पाथर्डी-शेवगावकडील कित्येक कुटुंबे ऊसतोडीच्या हंगामात परमुलखात असतात. त्यांचे मूल आजारी पडले, तर ते कोणत्या गावच्या रुग्णालयात आहे हेदेखील आपणांस उशिरा कळते.

रुग्णालय ही मुलाच्या दृष्टीने अत्यंत अनोळखी जागा होय. तेथील वास निराळा, भाषा निराळी, रात्रीसुद्धा दिवे जळत असलेले. सुई टोचावयास कोण केव्हा येईल याचा नेम नाही. आणि वेदनेच्या खालोखाल जाच असतो तो वेळेचा. सकाळी डॉक्टर येऊन गेले, की सायंकाळपर्यंत काहीच घडत नाही. इंग्लंडात १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट घेतला. आईवडिलांना भेटीस येण्याची मुभा त्या काळी तेथे फार थोडी असे, आणि मूल रडत नाही म्हणजे ते रमले असा समज होता. ते रमलेले नसून खचलेले असते, हे त्या चित्रपटाने दाखविले. पुढे १९५९ साली तेथील सरकारी समितीने आईवडिलांना मुलाजवळ मोकळेपणी येऊ द्यावे, आणि आजारी मुलांच्या खेळाची व शिक्षणाची सोय रुग्णालयातच असावी, अशी शिफारस केली. आपल्याकडे आई मुलाच्या खाटेखाली चटई टाकून झोपते. या बाबतीत आपले मूल भाग्यवान म्हटले पाहिजे. परंतु ती माउली दिवसभर औषधे, कागदपत्रे आणि घरची काळजी यांत पिचून गेलेली असते. तिच्याजवळ मुलाला देण्यासाठी माया पुष्कळ असते. गोष्ट सांगण्याइतके त्राण क्वचितच उरते.

नेमकी हीच जागा भरून काढण्याजोगी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या १८५९ च्या पुस्तकात रुग्णास वाचून दाखविण्याविषयी मोठे मार्मिक विवेचन केले आहे. रुग्णापुढे वाचावयाचे ते सावकाश, स्पष्ट व एका लयीत वाचावे, असे त्या सांगतात; आणि आजारी मुलांना वाचून दाखविलेल्या गोष्टीपेक्षा तोंडी सांगितलेली गोष्ट अधिक आवडते, असा अनुभवही नोंदवितात. अलीकडे, २०२१ साली, ब्राझीलमधील संशोधकांनी अतिदक्षता विभागातील ८१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना सुमारे अर्धा तास गोष्टी सांगितल्या व उरलेल्यांबरोबर तेवढाच वेळ कोडी घालण्याचा खेळ खेळला. मुलांच्या लाळेची तपासणी आधी व नंतर करण्यात आली. दोन्ही गटांत मनावरील ताण दाखविणारे द्रव्य घटले व वेदनाही कमी झाल्या. पण गोष्ट ऐकणाऱ्यांत हा फरक सुमारे दुप्पट होता. सोबतीने बरे वाटतेच, गोष्टीने त्याहून अधिक बरे वाटते, असा याचा अर्थ घ्यावयास हरकत नाही.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी वाचन प्रेरणा दिनानिमित्त (हा दिन आपल्या राज्यात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला साजरा होतो) आमच्या शाळेने घरोघरची जुनी पुस्तके गोळा केली. दोन पोती भरली. ती घेऊन आम्ही वीस मुलांसह तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात गेलो. फाटकी, धूळ बसलेली, काही तर मोठ्यांच्या परीक्षेची पुस्तके! तेथील सिस्टरबाई भल्या. त्यांनी पोती कोपऱ्यात ठेवून घेतली. आमच्या मुलांनी प्रत्येक खाटेवर एकेक पुस्तक ठेवले, छायाचित्र निघाले आणि आम्ही परतण्यास निघालो. दाराशी मी सहज मागे पाहिले. एका मुलाच्या उजव्या हाताला सलाइन लावलेले होते. पुस्तक त्याच्या छातीवर तसेच पडलेले होते आणि तो आढ्याकडे पाहत होता. पान उलटावयास त्याला हात मोकळा नव्हता. शेजारी बसलेल्या त्याच्या आईला वाचता येत नव्हते. वीस वाचणारी मुले त्या खोलीतून नुकतीच बाहेर पडली होती, आणि त्यांतील एकानेही तोंड उघडून एक ओळ वाचली नव्हती.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे, की रुग्णालयाकडे पुस्तके नेण्याआधी वाचणारा नेला पाहिजे. असा उपक्रम पुस्तकांच्या संख्येवर मोजणे हे कार्यालयीन अहवालास सोयीचे. रुग्णशय्येवरील मुलास त्याचा उपयोग नाही. आणि यात शाळेचा लाभही काही थोडाथोडका नाही. प्रकट वाचनाचा तास हा बहुधा आपल्या वेळापत्रकातील सर्वांत निर्जीव तास असतो. मूल उभे राहते, उतारा धडाधडा वाचते, खाली बसते. ऐकणाऱ्या सर्वांपुढे तेच पान उघडे असते, म्हणून कोणीच ऐकत नाही. वाचावयाचे कोणासाठी, हा प्रश्नच त्या तासात नसतो. तोच उतारा शनिवारी एका आजारी मुलापुढे वाचावयाचा आहे असे कळले, की वर्गातील अडखळणारे मूलसुद्धा तो घरी चार वेळा वाचून येते. कोठे थांबावे, कोठे आवाज खाली आणावा, म्हातारीचे बोलणे कसे वाचावे, हे मग शिकवावे लागत नाही. मुले आपण होऊन विचारतात.

प्रत्यक्ष जावयाचे झाल्यास प्रथम वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांची संमती घ्यावी, आणि पालकांचीही. एका वेळी दोन मुले आणि एक शिक्षक पुरे. ज्यास सर्दी-खोकला आहे त्याला नेऊ नये; आत शिरताना व बाहेर पडताना हात साबणाने धुवावेत. गोवरासारख्या संसर्गजन्य आजाराच्या मुलाजवळ दिलेले पुस्तक परत आणू नये, ते त्याचेच राहू द्यावे. काही कक्षांत कागदी पुस्तक मुळीच चालत नाही, तेथे तोंडी गोष्ट सांगावी. "तुला काय झाले आहे?" हा प्रश्न आपल्या मुलांनी विचारावयाचा नाही, हे निघण्यापूर्वीच बजावून ठेवावे. छायाचित्राचा मोह टाळावा. मुलास झोप आली तर वाचन तेथेच थांबवावे. ऐकता ऐकता झोप लागणे हा वाचणाऱ्याचा अपमान नव्हे.

निवडीविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. गोष्ट लहान असावी, पण तिचा शेवट दुसऱ्या दिवसावर ढकलता येईल अशी असल्यास उत्तम; उद्याची वाट पाहावयास काही कारण मिळते. उपदेश नको. आजारी मुलाने धीर कसा धरला अशा गोष्टी तर नकोतच. त्या मुलास धीर धरण्याचे शिक्षण तेथे पुरेसे मिळत असते. 'श्यामची आई' हा थोर ग्रंथ खरा. तथापि त्याचा शेवट आईच्या मृत्यूत होतो, म्हणून उशाशी आई बसलेली असताना तो वॉर्डात वाचू नये, असे माझे नम्र मत आहे. फजितीच्या, प्राण्यांच्या, लबाड कोल्ह्याच्या आणि हुशार म्हातारीच्या गोष्टी चालतात. बालभारतीच्या १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे अंक यासाठी फार उपयोगी आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' या नावाने वाचकांच्या गटांकडे पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवण्याची योजना सुरू केली. तिच्या धर्तीवर केंद्रातील चार शाळांनी मिळून निवडक पंचवीस-तीस पुस्तकांची एक पेटी जवळच्या ग्रामीण रुग्णालयासाठी केली, तर ती दोन पोत्यांहून मोलाची ठरेल. आणि आईला वाचता येत नाही म्हणून तिला वगळू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प आरंभला, तेव्हा लिहिता-वाचता न येणाऱ्या कित्येक स्त्रियांनी आरोग्याचे ज्ञान तोंडी आत्मसात करून गावोगाव पोहोचविले. आपल्या मुलांनी एक गोष्ट वाचल्यावर "आता तुम्ही सांगा" असे म्हणावे. आईला तिच्या आजीची एखादी गोष्ट हमखास आठवते.

परंतु बहुतेक शाळांपासून रुग्णालय दूर असते, आणि आपले स्वतःचे मूल तर आणखी दूर. तेथे काय करावे? साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत, आणि आजारी मुलांची शुश्रूषाही स्वतः करीत. हस्तलिखिताची ही रीत आपल्या शाळांस नवी नाही. आमच्या तिसरीच्या वर्गातील एक मुलगा चिंचेवरून पडला, त्याच्या मांडीचे हाड मोडले. पायाला वजन बांधून त्यास शहरात महिनाभर निजवून ठेवले होते. मी फोन केला, तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "गुरुजी, माझी जागा कुणाला दिली?" मला उत्तर देता येईना, कारण खरोखरच तेथे दुसरा मुलगा बसू लागला होता. त्या दिवशी जागा मोकळी करविली. मग वर्गाने ठरविले, की दररोज दोघांनी मिळून अर्धे पान लिहावयाचे, मोठ्याने वाचावयाचे आणि ते वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करून त्याच्या आईच्या फोनवर धाडावयाचे. पहिले चार दिवस मुलांनी "लवकर बरा हो" याखेरीज काही लिहिले नाही. पाचव्या दिवशी मी ते वाक्य बंद करविले. तेव्हा खरे लिखाण सुरू झाले: खिचडी करपली, हापशाचा दांडा निखळला, शाळेमागील पिंपळावर मोहोळ बसले. मोहोळाची बातमी तर रोज असे. ते केवढे झाले, कोणाला माशी चावली, कोणाचे गाल सुजले. त्यासोबत एकेक गोष्टही जाई. एकदा वाचणाऱ्याने घाईने दोन ओळी गाळल्या, तर तिकडून तक्रार आली.

याच जिल्ह्याशी संबंधित एक स्मरण येथे नोंदवितो. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे घेतले. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात पोहोचविले. त्यांना स्वतःला त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. आपणांकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा कोणी करीत नाही. एक फोन आणि अर्धे पान, एवढेच मागणे आहे.

मूल परत येते त्या दिवसाची तयारीही आधी करावी. बुडालेला अभ्यास पहिल्याच दिवशी पुढे ठेवू नये. केस गेलेले असतील, पाय लंगडत असेल, तर वर्गाशी आदल्या दिवशी बोलून ठेवावे. त्याने ऐकलेल्या गोष्टींपैकी एखादी त्यासच वाचावयास सांगावी. ती त्यास ऐकून ऐकून पाठ झालेली असते, त्यामुळे वाचनाची भीड मोडते.

आमचा मुलगा सव्वादोन महिन्यांनी कुबड्या घेऊन आला. जागेवर बसण्याआधी तो शाळेमागे गेला, आणि सारा वर्ग त्याच्या मागोमाग. मोहोळ आठ दिवसांपूर्वीच उठून गेले होते; फांदीवर त्याचा काळसर डाग तेवढा राहिला होता. तो कुबड्यांवर भार देऊन मान वर करून पाहत होता, आणि ते केवढे होते हे सगळीजण एकदम त्याला हात पसरून दाखवीत होती.