ग्रंथाचे सूत्र मुलांच्या हाती कसे यावे?

पुस्तक वाचून झालेल्या मुलाला विचारावे, "बाळ, यात काय आहे रे?" तो गोष्ट सांगू लागतो; अमका आला, तमका गेला. मणी मोजून झाले, पण ज्यात ते ओवले ते सूत्र काही हाती आले नाही.

वारकऱ्याच्या घरी याची शाळा आधीच भरलेली असते. कीर्तनकार एक अभंग घेतात आणि दृष्टांतामागून दृष्टांत देतात. माउलींची पालखी पुण्यास भवानी पेठेत मुक्कामी असते, तेव्हा मुलाला कीर्तनास न्यावे आणि घरी येताना एवढेच पुसावे, "महाराजांनी ती गोष्ट कोणत्या चरणासाठी सांगितली?" हीच रीत पुस्तकाला लावावी.

साने गुरुजींची 'श्यामची आई' घ्या. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे, अशा 42 रात्री. श्याम पोहायला भितो, आई त्याला मारून विहिरीवर धाडते. मूल म्हणेल, "भिऊ नये, हे सूत्र." लगेच चूक म्हणू नका, दुसरी रात्र पुढे ठेवा. आई आजारी, वडाच्या प्रदक्षिणा श्यामने घालायच्या. त्याला भीती लोकांच्या हसण्याची. सूत्र टिकले. अस्पृश्य मानलेल्या म्हातारीच्या डोईची मोळी पडते, आई म्हणते, उचलून दे. लोक काय म्हणतील ही धास्ती इथेही आहे, म्हणजे पुन्हा टिकले. पण 'मुकी फुले' मध्ये आई कळ्या तोडू नको म्हणते, तिथे भीती कुठे आहे? सूत्र तुटले!

आता मूल आपण होऊन शोधू लागते. आईची माया घरातून फुलांपर्यंत, मोळीवालीपर्यंत पसरते, असे त्याला दिसेल. मग मायेच्या आईने मारले कसे? हे त्याने विचारले तर दटावू नये. खरे वाचन तिथेच सुरू होते. बाजारातली तयार उत्तरांची पुस्तके ही वाट बंद करतात. 'खरे बोलावे' असले तात्पर्य कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येते.

असो. याच गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरास उपोषण केले, विठोबाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून, आणि ते खुले झाले. ही हकिगत पुस्तक संपल्यावर सांगावी, आधी नव्हे, आणि विचारावे, "हिला कोणत्या रात्रीशेजारी ठेवशील?"